शहर बससेवेचा निधी : कोणता पैसा कशावर खर्च करता येतो

महापालिकेच्या बससेवेसाठी येणारा पैसा एका थैलीत पडत नाही. तिकिटाचे उत्पन्न एका वाटेने येते, महापालिकेचे अनुदान दुसऱ्या. केंद्राच्या योजनेचा हप्ता, मुद्रांक शुल्कावरच्या अधिभाराचा वाटा, खासदार-आमदारांचा स्थानिक विकास निधी यांच्या वाटा आणखी निराळ्या. प्रत्येक रकमेबरोबर ती कशावर खर्चायची याची अट येते. बसखरेदीसाठी मंजूर झालेल्या रकमेतून चालकाचा पगार निघत नाही. थांब्याच्या छतासाठी मिळालेल्या पैशातून सीएनजीचे बिल भरता येत नाही. हे ध्यानात न घेतल्यामुळे सर्वसाधारण सभेत, वर्तमानपत्रांत आणि प्रवासी संघटनांच्या निवेदनांत एकच प्रश्न फिरून फिरून येतो: इतके कोटी आले, तरी बस का येत नाही? त्याचे उत्तर बहुतेक वेळा रकमेच्या आकड्याशेजारी लिहिलेल्या लेखाशीर्षात सापडते.

कायद्यात बसची जागा

७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत. रस्ते आणि पूल त्यांत आहेत. सतराव्या नोंदीत पथदिवे, वाहनतळ आणि बसथांबे यांसारख्या सुविधाही आहेत. बससेवा मात्र कुठेच नाही. थांबा शहराचा, पण थांब्यावर येणारी बस कोणाची हे अनुसूचीने सांगितलेले नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्येही प्रवासी वाहतूक चालवणे हे महापालिकेचे ऐच्छिक कर्तव्य आहे. पाणीपुरवठा किंवा मलनिःसारण यांसारखे ते अनिवार्य नाही. याचा परिणाम दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी दिसतो. हात आखडता घ्यायची वेळ आली की ऐच्छिक खर्चाला आधी कात्री लागते, आणि ती कात्री कायद्याच्या चौकटीतलीच असते.

मात्र एकदा उपक्रम सुरू केला की त्याच कायद्यातील परिवहन उपक्रमाच्या तरतुदी लागू होतात. परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक, उपक्रमाचे स्वतंत्र अंदाजपत्रक आणि महापालिका निधीपासून वेगळा ठेवलेला परिवहन निधी ही त्या व्यवस्थेची अंगे. परिवहन निधीतील पैसा उपक्रमाच्या कामासाठीच वापरायचा असतो. तिकिटाची जमा तात्पुरती रस्त्याच्या खड्ड्यांकडे वळवता येत नाही. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, सोलापूर, कोल्हापूर येथील उपक्रम महापालिकांचे स्वतःचे आहेत. मुंबईत ‘बेस्ट’ हा उपक्रम ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ताब्यात घेतला. तो १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली चालतो आणि त्याची समितीही वेगळी आहे. पुण्यात २००७ मध्ये पुणे महापालिकेची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी झाली. नाशिकनेही २०२१ मध्ये शहर बस सुरू करताना महामंडळाचाच मार्ग घेतला. या रचना आधी ओळखून घ्याव्यात, कारण कोणाच्या टेबलावर कोणता प्रश्न मांडायचा ते त्यांवर ठरते. उपक्रम महापालिकेचा असेल तर खर्चाचा प्रस्ताव परिवहन समितीकडे जातो. कंपनी असेल तर संचालक मंडळ निर्णय घेते आणि महापालिकेपुढे फक्त अनुदानाची मागणी येते. पुण्यातल्या नगरसेवकाने मुख्य सभेत एखाद्या मार्गावरील फेऱ्यांचा खर्च विचारला, तर त्याचा तपशील महापालिकेच्या अंदाजपत्रकात सापडत नाही. तो महामंडळाच्या ताळेबंदात शोधावा लागतो.

भांडवली आणि महसुली

या विषयातली सर्वांत महत्त्वाची रेषा भांडवली आणि महसुली खर्चामधली आहे. ज्यातून वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू उभी राहते तो भांडवली खर्च: बस, आगाराची जमीन आणि इमारत, कार्यशाळेतील यंत्रे, चार्जर, वीजजोडणीचे उपकेंद्र, तिकीट यंत्रे, बसमध्ये बसवलेली जीपीएस यंत्रणा. रोज लागणारा तो महसुली: डिझेल, सीएनजी किंवा वीज, चालक-वाहकांचे पगार, टायर, सुटे भाग, विमा, आगाराची साफसफाई आणि ठेकेदाराचे प्रति किलोमीटर बिल.

शेवटची बाब नीट समजून घ्यावी. भाडेतत्त्वावरच्या बसमध्ये बस ठेकेदाराची असते, चालक त्याचा, देखभाल त्याची. उपक्रम त्याला धावलेल्या किलोमीटरमागे पैसे देतो. म्हणजे पूर्वी ताफा वाढवताना जो खर्च भांडवली म्हणून एकदाच दिसे, तो आता दर महिन्याचे बिल होऊन महसुली बाजूला येतो. अंदाजपत्रकाच्या भांडवली पानावर बसखरेदीसमोर शून्य दिसले म्हणजे नव्या बस येणार नाहीत असे होत नाही. त्याचबरोबर शंभर नव्या बस आल्या म्हणजे मोठा खर्च होऊन गेला असेही होत नाही. तो खर्च पुढची दहा-बारा वर्षे दर महिन्याला व्हायचा असतो.

सीमेवरच्या बाबींत वाद होतात. जुन्या बसचे इंजिन बदलणे किंवा सांगाडा नव्याने बांधणे यामुळे बसचे आयुष्य वाढत असेल तर तो खर्च भांडवली धरता येतो. नुसती दुरुस्ती असेल तर तो महसुलीच. रेषा कुठे ओढायची हे शेवटी नियम करणाऱ्याच्या हातात असते. अमेरिकेत संघराज्याच्या वाहतूक कायद्याने बसच्या प्रतिबंधक देखभालीला भांडवली खर्चात बसवले आहे. त्यामुळे दोन लाखांहून मोठ्या नागरी क्षेत्रांना संघीय मदतीतून सर्वसाधारणपणे रोजचा संचलन खर्च भागवता येत नसला, तरी देखभालीचा भार उतरवता येतो. भारतातल्या योजनांनी अशी मुभा दिलेली नाही. येथे देखभाल ज्याची त्याने करायची असते, आणि ज्या आगारात सुट्या भागांसाठी तरतूद नाही तेथे खरेदी केलेल्या बस एकेक करून बंद पडतात.

२००९ चा अनुभव याच रेषेवर घडला. त्या वर्षी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून देशभरातील शहरांना १५ हजारांहून अधिक बस मंजूर झाल्या. अभियानाच्या साच्यानुसार ४० लाखांहून मोठ्या शहरांना केंद्राकडून ३५ टक्के, १० ते ४० लाखांच्या शहरांना ५० टक्के आणि त्याहून लहान शहरांना ८० टक्के मदत मिळत असे. उरलेला वाटा राज्याने आणि स्थानिक संस्थेने उचलायचा. मदत बस घेण्यापुरती होती. त्या चालवण्याचा खर्च शहराचाच होता. आगार आणि इतर पूरक सुविधांना केंद्राची मदत पुढे २०१३ च्या टप्प्यात मिळू लागली. ज्या लहान शहराला बसच्या किमतीपैकी दहावा हिस्साच स्वतः भरायचा होता, त्याला बस जवळजवळ फुकट मिळाली. मात्र तिचे डिझेल, टायर आणि चालक यांचा भार मोठ्या शहराएवढाच पडला. खरेदीवरची सवलत जितकी मोठी, तितकी पुढच्या रोजच्या खर्चाची चौकशी आधी व्हायला हवी, एवढे या अनुभवातून स्पष्ट झाले आहे.

स्मार्ट सिटी अभियानाच्या पैशालाही हाच नियम लागू पडला. छत्रपती संभाजीनगरमध्ये जानेवारी २०१९ मध्ये ‘माझी स्मार्ट बस’ सुरू झाली ती स्मार्ट सिटीच्या निधीतून. अभियान मुदतीचे होते, बससेवा मात्र कायमची. अभियानाचा पैसा संपल्यानंतर रोजची तूट कोणत्या खात्यातून भरायची, याची सोय अशा शहरात स्वतंत्रपणे करावी लागते.

प्रति किलोमीटर मदत : ई-बस योजनेचा हिशेब

केंद्राच्या अलीकडच्या योजनांनी मदतीचे स्वरूप बदलले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात विजेवरच्या बसला भांडवली अनुदान होते. १२ मीटर लांबीच्या बससाठी त्याची कमाल मर्यादा ५५ लाख रुपये होती. अट अशी की उपक्रमाने बस विकत न घेता प्रति किलोमीटर करारावर चालवायची. २०२४ च्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत १४,०२८ ई-बससाठी ४,३९१ कोटी रुपयांची तरतूद झाली. ती ४० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नऊ महानगरांसाठी होती. मुंबई आणि पुणे त्यांत आहेत.

लहान व मध्यम शहरांसाठी महत्त्वाची ठरते ती १६ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेली ‘पीएम ई-बस सेवा’. ५७,६१३ कोटींच्या या योजनेत केंद्राचा वाटा २० हजार कोटींचा असून १६९ शहरांत १० हजार बस चालवण्याचे उद्दिष्ट आहे. बसच्या किमतीसाठी अनुदान नाही. त्याऐवजी धावलेल्या किलोमीटरमागे मदत आहे: १२ मीटरच्या बसला २४ रुपये, ९ मीटरच्या बसला २२ रुपये आणि ७ मीटरच्या बसला २० रुपये, आणि तीही दहा वर्षांपर्यंत. आगार उभारणे आणि आगारापर्यंत वीज आणणे यांसाठी वेगळी मदत आहे. सेवा चालवणे आणि ठेकेदाराला वेळेवर पैसे देणे ही जबाबदारी राज्याची व शहराची.

हा पैसा चालत्या बसमागे येतो, उभ्या बसमागे येत नाही. योजनेची ही बाजू चांगली आहे. पण शहरावर येणारा भार आकड्यांनीच पाहावा. उदाहरणापुरते असे धरावे: १०० बस, प्रत्येकी रोज २०० किलोमीटर. वर्षाचे ७३ लाख किलोमीटर होतात. ठेकेदाराचा दर किलोमीटरला ७० रुपये असेल तर बिल ५१ कोटी १० लाख रुपये. तिकिटातून किलोमीटरला ३० रुपये मिळाले तर उत्पन्न २१ कोटी ९० लाख. केंद्राची २४ रुपयांची मदत म्हणजे १७ कोटी ५२ लाख. उरलेले ११ कोटी ६८ लाख महापालिकेने दरवर्षी स्वतःच्या अंदाजपत्रकातून द्यायचे. दर आणि उत्पन्न तेवढेच राहिले तरी अकराव्या वर्षी ही रक्कम २९ कोटी २० लाख होते, कारण केंद्राची मदत थांबलेली असते. प्रत्यक्षात दर तेवढाच राहत नाही. करारात महागाई, किमान वेतन आणि वीजदर यांच्याशी जोडलेले दरवाढीचे सूत्र असते, तर केंद्राचे २४ रुपये २४ च राहतात.

यात आणखी तीन खर्च लपलेले असतात आणि ते प्रस्तावाच्या पहिल्या पानावर सहसा दिसत नाहीत. वाहक बहुधा उपक्रमाचा असतो, म्हणून त्याचा पगार ठेकेदाराच्या दराबाहेर. चार्जिंगच्या विजेचे बिल कोणी भरायचे हे करारागणिक बदलते, तेव्हा ते कलम वाचल्याशिवाय दोन शहरांचे दर एकमेकांशी ताडून पाहू नयेत. तिसरा खर्च हमी किलोमीटरचा. करारात रोजच्या किमान किलोमीटरची हमी असते. उपक्रमाने बस तितकी चालवली नाही, तरी न चालवलेल्या किलोमीटरचा काही भाग द्यावा लागतो. वाहक कमी पडले, आगारातून फेरी सुटली नाही, तरी मीटर चालू राहतो. त्यामुळे नव्या करारावर सही करण्यापूर्वी पुरेसे वाहक आणि सुटसुटीत वेळापत्रक तयार असणे हा थेट पैशाचा प्रश्न होतो.

पैसे थकण्याची भीती ठेकेदाराला असते आणि ती भीती तो दरात धरतो. त्यासाठी केंद्राने २०२४ मध्ये ३,४३५ कोटी रुपयांची देयक-हमी योजना मंजूर केली. उपक्रमाने बिल थकवले तर या निधीतून ठेकेदाराला पैसे मिळतात आणि नंतर ती रक्कम उपक्रमाने किंवा राज्याने परत भरायची. राज्याला त्यासाठी रिझर्व्ह बँकेतील आपल्या खात्यातून थेट वळतीची संमती द्यावी लागते. म्हणजे थकबाकी राज्याच्या तिजोरीपर्यंत पोचते. हमी म्हणजे अनुदान नव्हे. या निधीतून भरलेले प्रत्येक बिल उपक्रमाच्या डोक्यावरचे कर्जच राहते.

संचलन तूट आणि तिची भरपाई

शहर बस तिकिटावर चालत नाही. खर्च आणि उत्पन्न यांतल्या फरकाला संचलन तूट म्हणतात. ती भरण्यासाठी महापालिका स्वतःच्या महसुलातून, म्हणजे मालमत्ता कर, शासनाचे वस्तू व सेवा कराच्या भरपाईपोटीचे अनुदान, बांधकाम परवानगी शुल्क अशा उत्पन्नातून, उपक्रमाला अनुदान देते. पुण्यात ही तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के उचलते. या अनुदानावर केंद्राची किंवा राज्याच्या योजनेची अट नसते. त्यामुळे पगार, इंधन, सुटे भाग या सगळ्यांवर खर्चता येईल असा, तिकिटाच्या उत्पन्नाखेरीज, हाच मुख्य पैसा. म्हणूनच तो सर्वांत मोलाचा.

मुंबईचा २०१९ चा अनुभव या पैशाला अटी कशा लावता येतात हे दाखवतो. बेस्टमध्ये पूर्वी वीजपुरवठा विभागाच्या उत्पन्नाने बसच्या तुटीला मोठा आधार दिला होता. विजेचे दर नियामक आयोगाच्या कक्षेत आल्यावर तो आधार आकसत गेला. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला तेव्हा बेस्टचे अंदाजपत्रक महापालिकेच्या अंदाजपत्रकात विलीन करण्याची मागणी पुढे होती. त्याच वर्षी महापालिकेने बेस्टला ६०० कोटी रुपयांचे साहाय्य दिले आणि सोबत भाडे कमी करणे, भाडेतत्त्वावर बस घेऊन ताफा वाढवणे अशा अपेक्षा ठेवल्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे साध्या बसला ५ आणि वातानुकूलित बसला ६ रुपये झाले. मे २०२५ मध्ये तेच किमान भाडे १० आणि १२ रुपयांवर गेले. भाडे कमी ठेवण्याचा निर्णय हा तुटीचा निर्णयही असतो. ज्या सभेत भाडे ठरते त्याच सभेत त्याची भरपाई कुठून करायची हेही ठरले पाहिजे.

भाडेवाढीचा अंतिम अधिकार महापालिकेकडे नसतो, ही गोष्ट येथे नोंदवायला हवी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार भाड्याला परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागते. मुंबई परिसरात ते काम मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण करते. अंदाजपत्रकात भाडेवाढीचे उत्पन्न एप्रिलपासून धरले आणि मान्यता सहा महिन्यांनी आली, तर मधल्या काळाची तूट वाढते. जमेच्या बाजूला केवळ प्रस्तावित भाडेवाढीवर उभे असलेले आकडे दिसले, तर ते बाजूला काढून उरलेला ताळमेळ पाहावा.

तूट अनुदानाची तरतूद करताना सर्वांत उपयोगी पद्धत म्हणजे ते सेवेचे मोल म्हणून मोजणे: वर्षाला किती किलोमीटर धावायचे, कोणत्या मार्गांवर, किती वाजेपर्यंत, आणि त्यासाठी किलोमीटरला किती रुपये. ‘परिवहन उपक्रमास अनुदान’ असा एका ओळीचा आकडा असला की वर्षाअखेरीस तो का कमी पडला हे कोणालाच सांगता येत नाही. किलोमीटरवर मोजलेले अनुदान असले तर रद्द झालेल्या फेऱ्यांचा हिशेब आपोआप पुढे येतो.

सवलतींचा प्रश्न याच पानावर येतो. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक यांना दिलेल्या सवलतींचा बोजा महापालिकेच्या बससेवेत स्थानिक संस्थेवर असतो. राज्य परिवहन महामंडळाच्या एसटीत २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे. त्याची भरपाई राज्य शासन महामंडळाला देते. शहर बसला ती सोय आपोआप लागू होत नाही. महापालिकेने नवी सवलत ठरवली तर तेवढी रक्कम संचलन तुटीत न मिसळता स्वतंत्र लेखाशीर्षाखाली दाखवावी. नाहीतर सवलत समाजाला दिलेली आणि तोटा उपक्रमाच्या नावावर चढलेला, असे चित्र तयार होते आणि उपक्रम अकार्यक्षम ठरवला जातो. हा उपक्रमात काम करणाऱ्यांवर अन्याय आहे.

अटी बांधून आलेला इतर पैसा

मुद्रांक शुल्कावरचा एक टक्का अधिभार, ज्याला बोलीभाषेत मेट्रो अधिभार म्हणतात, मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत घर-जमिनीच्या दस्तनोंदणीवर घेतला जातो. करोनाच्या काळात एप्रिल २०२० पासून दोन वर्षे तो माफ होता. एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाला. हा पैसा मेट्रोसारख्या मोठ्या वाहतूक प्रकल्पांसाठी आहे. बसच्या रोजच्या तुटीकडे तो वळवता येत नाही.

केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानांत बांधील आणि अबांधील असे दोन भाग असतात. अबांधील भागातून स्थानिक गरजेची कामे करता येतात, पण पगार आणि आस्थापना खर्च त्यातून करता येत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांसाठी हवेची गुणवत्ता सुधारण्यासाठी निधी ठेवला. शहराच्या स्वच्छ हवा आराखड्यात विजेवरच्या बस असतील तर त्यांच्यासाठी हा मार्ग खुला होतो. आराखड्यात नोंद नसेल, तर पैसा असूनही बसला मिळत नाही. म्हणून असा आराखडा तयार होत असतानाच परिवहन उपक्रमाने आपली मागणी त्यात घालून घ्यावी.

खासदार आणि आमदार स्थानिक विकास निधीतून टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी करता येते. थांब्याचे छत, बाक, प्रकाशयोजना बसतात. इंधन, पगार, देखभाल बसत नाहीत. थांब्याचे छत उभारताना ते महापालिकेच्या रस्ते विभागाकडे, परिवहन उपक्रमाकडे की जाहिरात ठेकेदाराकडे, पुढची देखभाल कोणाकडे, हे लेखी ठरवून घ्यावे. अन्यथा फुटलेला पत्रा बदलण्याचा प्रस्ताव तीन कार्यालयांत फिरत राहतो.

जे पैसे उपक्रमाच्या गल्ल्यात येतात पण उपक्रमाचे नसतात, त्यांची यादी वेगळी ठेवावी. तिकिटातून वसूल होणारा प्रवासी कर आणि बालपोषण अधिभार राज्य शासनाचा. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेली भविष्यनिर्वाह निधीची आणि पतसंस्थेच्या हप्त्यांची रक्कम कर्मचाऱ्यांची. ठेकेदाराची सुरक्षा अनामत ठेकेदाराची. रोख कमी पडली की याच पैशांना आधी हात लागतो, आणि पुढे व्याज-दंडासह तो भार पुन्हा उपक्रमावर येतो. ताळेबंदातल्या ‘देय रकमा’ या शीर्षाखाली हे आकडे दरवर्षी वाढत असतील, तर उपक्रम दुसऱ्याच्या पैशावर चालला आहे असे समजावे.

वर्गीकरण, खरेदी आणि भंगार

एका लेखाशीर्षातील तरतूद दुसरीकडे वळवण्याला महापालिकेच्या व्यवहारात वर्गीकरण म्हणतात. महापालिकेच्या स्वतःच्या पैशाचे वर्गीकरण सक्षम समितीच्या मान्यतेने करता येते. केंद्र किंवा राज्याच्या योजनेच्या पैशाचे तसे करता येत नाही. तेथे मंजुरी देणाऱ्या खात्याचीच परवानगी लागते. परिवहनाच्या भांडवली तरतुदीतून वर्षाअखेरीस रस्ते किंवा सुशोभीकरणाकडे गेलेली वर्गीकरणे आधीच्या दोन-तीन वर्षांची काढून पाहिली, तर त्या शहरात बसला खरोखर किती महत्त्व आहे हे अंदाजपत्रकाच्या भाषणापेक्षा स्पष्ट दिसते.

खरेदीच्या प्रस्तावात बसची किंमत ही एकच ओळ पुरेशी नसते. आगारात उभे करण्याची जागा, धुलाई आणि तपासणीची सोय, चार्जिंगसाठी मंजूर वीजभार, चालकांचे प्रशिक्षण या चार गोष्टींची तारीख बसच्या आगमनाच्या तारखेआधीची हवी. एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महापालिकांच्या मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. म्हणून प्रत्येक उपक्रमाने आपल्या ताफ्यातील बस कोणत्या वर्षी निघणार याची वर्षवार यादी ठेवावी आणि तिच्याबरोबर बदली बसच्या पैशाची सोय दाखवावी. स्वमालकीची बस निर्लेखित करून भंगारात विकल्यावर येणारी रक्कम भांडवली जमा असते. ती पगारात खपवली तर घसाऱ्यापोटी बाजूला ठेवलेले काहीच उरत नाही आणि पुढची बस पुन्हा अनुदानाच्या भरवशावर येते.

विनियोग प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षण

केंद्रीय मदतीचा पैसा खर्च झाल्यावर तो ठरलेल्या कामावरच झाला असे विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ नुसार ते आर्थिक वर्ष संपल्यानंतर बारा महिन्यांच्या आत द्यायचे असते. ते रखडले की पुढचा हप्ता अडतो. अनुदान बँकेत पडून असताना त्यावर मिळालेले व्याज उपक्रमाचे उत्पन्न धरता येत नाही, ते केंद्राच्या तिजोरीत भरायचे असते. हे दोन नियम न पाळल्यामुळे मंजूर पैसा मिळण्यास उशीर होतो, आणि त्या उशिराची झळ थांब्यावरच्या प्रवाशाला लागते.

महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची तपासणी मुख्य लेखापरीक्षक करतात. कंपनी असेल तर तिच्यासाठी वैधानिक लेखापरीक्षक असतो आणि अनुदान देणारी महापालिकाही आपल्या पैशाचा हिशेब मागू शकते. नागरिकाला किंवा नव्याने निवडून आलेल्या सदस्याला एखाद्या वर्षाचा बसचा पैसा समजून घ्यायचा असेल तर सहा कागद पुरतात: उपक्रमाचे मंजूर अंदाजपत्रक, महापालिकेच्या अंदाजपत्रकातील अनुदानाचे पान, ठेकेदारांशी केलेले करार व त्यांतील दरवाढीचे सूत्र, महिनावार धावलेल्या व रद्द झालेल्या किलोमीटरचा तक्ता, योजनानिहाय विनियोग प्रमाणपत्रे आणि लेखापरीक्षणातील आक्षेप व त्यांचे अनुपालन. हे सगळे माहिती अधिकारात मागता येते. त्यांतला किलोमीटरचा तक्ता आधी वाचावा. एकूण खर्चाला प्रत्यक्ष धावलेल्या किलोमीटरने भागले की प्रति किलोमीटर खर्च मिळतो. तो आदल्या वर्षापेक्षा महागाईहून जास्त वाढलेला असेल, तर दर वाढल्यामुळे की किलोमीटर घटल्यामुळे, हे करार आणि रद्द फेऱ्यांची नोंद शेजारी ठेवून तपासावे. किलोमीटर घटले असतील तर कारणवार आकडे मागावेत: किती फेऱ्या वाहक नसल्याने गेल्या, किती ब्रेकडाउनमुळे, किती सुट्या भागांअभावी आणि किती वाहतूक कोंडीने. यांतल्या प्रत्येक कारणाचा उपाय वेगळ्या लेखाशीर्षात आहे. वाहक नसतील तर भरती आणि पगाराची महसुली तरतूद हवी, ब्रेकडाउन वाढले असतील तर बदली बसचे भांडवल हवे, सुटे भाग संपत असतील तर कार्यशाळेची वार्षिक खरेदी वेळेत व्हायला हवी, आणि कोंडी असेल तर बससाठी राखीव मार्गिकेचा पैसा रस्ते विभागाच्या पानावर शोधायला हवा.